दुसऱ्या पंचाची सही

तिरोडकरसाहेबांना समुद्रावरच्या धुरीटेंबाच्या टेकडीवर चढवायला त्या सकाळी पाऊण तास लागला, आणि त्यातली वीस मिनिटं खुर्चीवरून झालेल्या वादात गेली. खुर्ची मी आणली होती, घडीची, दुकानात गिऱ्हाइकांना बसायला ठेवलेली. साहेब तिच्याकडे बघायलाही तयार नव्हते.

“माझे डोळे गेले आसत, पाय नाय,” ते म्हणाले. “खुर्ची कित्याक?”

साहेबांचं वय चौऱ्याहत्तर, टेंबाची वाट निसरडी, आणि ऑगस्टचा वारा असा की छत्री उघडली तर छत्रीसकट माणूस खाली समुद्रात. पण हे त्यांना सांगणार कोण? शेवटी केरकरबाईंनी तोड काढली. बाई हायस्कुलात भूगोल शिकवायच्या, त्यामुळे हट्टी मुलांची त्यांना सवय होती. त्या म्हणाल्या, खुर्ची मलाच हवी आहे, माझे गुडघे दुखताहेत. वर पोचल्यावर त्यांचे गुडघे दुखायचे थांबले, आणि खुर्ची रिकामी कशाला ठेवायची म्हणून साहेब तिच्यावर बसले. म्हणजे ओझं माझं, गुडघे बाईंचे आणि बैठक साहेबांची. आमच्या पक्षीनिरीक्षण मंडळाचा कारभार साधारण याच पद्धतीने चालायचा.

मंडळ म्हणजे आम्ही तिघंच. कागदावर अकरा सभासद होते. त्यातले चौघं फक्त वार्षिक सहलीला यायचे, तेही जेवणापुरते. दोघं मुंबईला गेले होते, एक निवर्तले होते, आणि एकाला आपण सभासद आहोत हे शेवटपर्यंत माहीत नव्हतं. उरलो आम्ही. साहेब संस्थापक, अध्यक्ष आणि न्यायाधीश. बाई खजिनदार, म्हणजे चहाचा थर्मास त्यांच्याकडे. आणि मी, भालचंद्र आरोलकर, बाजारपेठेतल्या चष्म्याच्या दुकानाचा मालक, मंडळाचा सर्वात तरुण सभासद, वय वर्षं छत्तीस.

साहेबांची सगळी नोकरी कस्टममध्ये गेली होती. तीस वर्षं त्यांनी ह्या किनाऱ्यावर लपवलेली घड्याळं आणि सोन्याची बिस्किटं हुडकली, आणि तोच खाक्या पहिल्यापासून पक्ष्यांना लावला. जप्तीच्या पंचनाम्याला जसे दोन पंच लागतात, तसेच मंडळाच्या वहीत नवा पक्षी घालायलाही दोन पंच लागत. तालुक्यात आधी न नोंदलेला पक्षी दिसला की पहिली गोष्ट म्हणजे तोंड बंद. पक्षी नजरेआड झाला की प्रत्येकाने दहा पावलं लांब जायचं, इतरांकडे पाठ करायची आणि आपण काय पाहिलं ते कागदावर लिहायचं. मग घडी घालून कागद बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. डबा उघडायचा तो संध्याकाळी, साहेबांच्या पडवीत. दोन कागद जुळले तर नोंद. नाही जुळले तर पक्ष्याने पुन्हा कधीतरी यावं. एकदा एका पाणकोंबडीच्या पायांचा रंग मी हिरवा लिहिला आणि बाईंनी पिवळट लिहिला, तर ती बिचारी कोंबडी दोन वर्षं वहीच्या बाहेर हिंडत होती.

ही पद्धत सगळ्यात महाग पडली ती खुद्द साहेबांना. एकोणीसशे बासष्ट साली कस्टमच्या लाँचवरून त्यांनी एक पक्षी पाहिला होता. लाल चोचीचा ट्रॉपिकबर्ड. हा पक्षी जन्मभर भर समुद्रावर उडत असतो. जमीन त्याला लागते ती अंडी घालायला, तीही कुठल्यातरी लांबच्या बेटावर, किंवा मग वादळाने फेकला तर. आपल्या किनाऱ्यावरून तो दिसणं म्हणजे लॉटरीच. साहेबांना लागली, पण शेजारी दुसरा पंच म्हणून लाँचचा तांडेल होता. साहेबांनी पक्ष्याचं वर्णन लिहून त्याच्यापुढे सहीला धरलं, तर तो म्हणाला, “पांढरो होतो. कावळो नाय. इतक्याच्यार सही करतंय.” साहेबांनी कागद फाडून टाकला. दुसरा कोणी असता तर तांडेलाला समोर बसवून हवं ते लिहून घेतलं असतं. साहेब तसे नव्हते. तेव्हापासून छत्तीस वर्षं, दर ऑगस्टमध्ये वारा पश्चिमेचा झाला की ते धुरीटेंबावर जाऊन बसायचे आणि तो पक्षी परत येण्याची वाट बघायचे.

ह्या ऑगस्टनंतर मात्र बसता येणार नव्हतं. ठाण्याच्या मुलाने निक्षून सांगितलं होतं, गणपती झाले की तिकडे यायचं, डोळ्यांचं ऑपरेशन करायचं आणि तिकडेच राहायचं. ठाण्याच्या सहाव्या मजल्यावरून समुद्र दिसत नाही. म्हणजे ह्या मोसमात तो पक्षी दिसला, दोन पंचांनी पाहिला आणि वहीत गेला तर गेला. नाहीतर साहेब आयुष्यात एकच पक्षी दोनदा हरणार होते. हे मला आणि बाईंना, दोघांनाही माहीत होतं.

आता माझंही एक गुपित सांगून टाकतो. साहेब जाताना वही कुणाकडे देणार, हा प्रश्न होता. त्या वहीत चाळीस वर्षांच्या नोंदी होत्या, आणि मुंबईचे मोठे पक्षीतज्ज्ञ पत्र लिहून त्यातली माहिती मागत. ज्याच्याकडे वही तो मंडळाचा अध्यक्ष. मला ती हवी होती. का, असं विचाराल, तर चष्मेवाल्याला गावात डॉक्टर कोणी म्हणत नाही, आणि माणसाला कुठेतरी अध्यक्ष व्हावंसं वाटतंच.

तर आम्ही बसलो होतो. साहेब खुर्चीवर, मी त्यांच्या डाव्या हाताला दगडावर, बाई मागे खडकाच्या आडोशाला थर्मास घेऊन. खाली समुद्र नुसता फेसाळत होता. दोन तासांत चार सुरय आणि एक घार एवढी कमाई झाली. साडेआठला साहेब एकदम ताठ झाले आणि पाण्यावर बोट रोखून म्हणाले, “ता बघ, बसला आसा.” मी माझी जपानी दुर्बीण लावली. बसलेलं होतं ते जाळ्याला बांधतात तसलं थर्मोकोल. मी तसं सांगितलं. साहेबांनी बोट खाली घेतलं. थर्मोकोलला दोन पंच लावायची पद्धत नव्हती म्हणून, नाहीतर आम्ही तेही लिहून काढलं असतं.

मला त्याचं नवल वाटलं नाही. तीन आठवड्यांपूर्वी मीच दुकानात त्यांचे डोळे तपासले होते. डावा मोतीबिंदूने पुरता झाकोळलेला, तक्त्यावरचं सगळ्यात वरचं मोठं अक्षरसुद्धा अंदाजाने सांगितलेलं. उजवा चौथ्या ओळीपर्यंत, तीही ठेचकाळत. चिठ्ठीवर हे सगळं मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. त्यामुळे साहेब समुद्राकडे बघत होते तेव्हा मी एका जाणकाराच्या दयाबुद्धीने त्यांच्याकडे बघत होतो. आंधळ्या माणसाने पक्षी बघायला एवढा डोंगर चढावा, आणि आपण खुर्ची उचलून त्याला साथ द्यावी. माझ्या चांगुलपणाने माझंच मन भरून येत होतं.

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी साहेब खुर्चीतून उठले. कोणाचा हात न धरता.

“इलो,” ते म्हणाले.

आवाज अगदी हळू होता. त्यांचा हात समोर गेला, मग थोडा डावीकडे, मग आमच्या पुढून सावकाश उजवीकडे. “बघ. बघ रे. हंयच इलो.” मी दुर्बीण उचललीसुद्धा नाही. थर्मोकोलनंतर आता काय येणार, हे मला ठाऊक होतं. माझं सगळं लक्ष त्यांच्या डाव्या डोळ्याकडे होतं. उजेड बाजूने पडला होता आणि मोतीबिंदूचा दुधी ठिपका इतका स्वच्छ दिसत होता की असा नमुना मी दुकानातल्या दिव्याखालीही पाहिला नव्हता. त्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. वाऱ्याने असेल असं मी तेव्हा समजलो. दीड मिनिट हे चाललं. बाईंनी मागून विचारलं, काय आहे, आणि त्या उठून खडकाला वळसा घालून येईपर्यंत साहेबांचा हात खाली आला.

“गेलो,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “बोलू नको. लिही.”

मी दहा पावलं लांब गेलो, पाठ केली आणि खिशातून कागद काढला. इथे मी थोडा विचार केला, हे कबूल करायला हवं. विचार केला नसता तर बरं झालं असतं. साहेबांना काहीही दिसलेलं नाही, हे नक्की. थर्मोकोल, फेस, घार, मनातलं काहीतरी. पण ते कोणता पक्षी लिहिणार, हे मात्र अगदी उघड होतं. जो पक्षी छत्तीस वर्षं त्यांच्या डोक्यात घिरट्या घालत होता, तो आता त्यांना दिसणारच. मी खरं लिहिलं, की काही दिसलं नाही, तर म्हातारा ठाण्याला जाणार तो हात हलवत. आणि मी त्यांचा पक्षी लिहिला तर? कुणाचं काय बिघडणार होतं? समुद्राचं? ट्रॉपिकबर्डचं? शिवाय दुसरा पंच झालो की वही कुणाकडे येणार, हेही ठरल्यातच जमा होतं. एका कागदात एवढं पुण्य आणि एवढा फायदा एकदम पदरात पडत असताना नाही म्हणणारा मी कोण?

त्या पक्ष्याचं चित्र मला पाठ होतं. साहेबांच्या घरच्या जाड इंग्रजी पुस्तकात ते पान इतकं हाताळलेलं होतं की पुस्तक कुठूनही उघडलं तरी तिथेच उघडायचं. मी लिहीत गेलो. पांढराशुभ्र पक्षी, आकार कावळ्यापेक्षा थोडा मोठा. चोच लाल. पाठीवर काळ्या बारीक रेघा. पंखांची टोकं काळी. शेपटीची दोन पांढरी पिसं शरीराएवढी लांब, उडताना फितीसारखी लहरत होती. हे फितीचं वाक्य मला फार आवडलं. सगळं फारच बिनचूक वाटू नये म्हणून शेवटी लिहिलं, डोळ्याजवळची काळी पट्टी नीट दिसली नाही. बनावट नोंदीत एवढी कसोशी करणारा माणूस तालुक्यात दुसरा नसेल. खाली सही ठोकली आणि घडी घालून कागद डब्यात टाकला. बाईंचा कागद आधीच पडला होता. साहेबांना लिहायला बराच वेळ लागला, कारण डोळ्यांमुळे ते हल्ली एका ओळीत चारच शब्द मावतील एवढं मोठं लिहीत.

उतरताना खुर्ची साहेबांनी स्वतः खांद्यावर घेतली. मी मागितली तर म्हणाले, आता माझ्याकडे दे. मध्येच एकदा थांबून त्यांनी बाईंना विचारलं की संध्याकाळी शिरा कराल की मी करू. मग म्हणाले, मीच करतो.

पाच वाजता आम्ही त्यांच्या पडवीत जमलो. साहेबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. पत्नी वारून त्यांना आठ वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात त्यांनी शिरा बहुधा पहिल्यांदाच केला होता. केळं आणि तूप इतकं पडलं होतं की रव्याला जागा राहिली नव्हती. वही मेजावर उघडी होती. नवा अनुक्रमांक, तारीख, वेळ, ठिकाण आणि वाऱ्याची दिशा त्यांनी शाईने लिहून ठेवलेली होती. पक्ष्याच्या नावाची जागा कोरी. ते नाव डबा उघडल्याशिवाय लिहायचं नाही, हा नियम त्यांनी तेवढ्या आनंदातही मोडला नव्हता.

वाचायचं काम बाईंकडे होतं. त्यांनी पहिला स्वतःचा कागद उघडला.

“पक्षी पाहिला नाही. चहा ओतत होते. दिलगीर आहे.”

साहेब हसले. म्हणाले, बाईंच्या कागदाला मी आजवर कधी नाव ठेवलं नाही आणि आजही ठेवणार नाही. मी मनात म्हटलं, बाईंचा पत्ता कापला गेला. मग बाईंनी साहेबांचा कागद घेतला आणि वर्गात वाचावा तसा, एकेक शब्द सुटा करून वाचला. वेळ नऊ चाळीस. पश्चिमेकडून येऊन टेंबासमोरून उत्तरेकडे गेला. जवळात जवळ अंतर पन्नास फूट, आमच्या डोळ्यांच्या उंचीवर. पांढरा, पाठीवर काळ्या रेघा, पंखाची टोकं काळी. चोच नारिंगी-लाल. इथपर्यंत माझी मान समाधानाने हलत होती. आमचं चांगलंच जुळत होतं.

“शेपटीची लांब पिसे नाहीत,” बाईंनी पुढे वाचलं. “दोन्ही मुळापासून तुटलेली असावीत. शेपूट बोडकी. उजव्या पंखात एक पीस कमी. थकलेला, पंख जड हलत होते. पूर्ण वाढलेला पक्षी, पिल्लू नव्हे. शेपटीवरून फसू नये.”

माझ्या हातात शिऱ्याची बशी होती. ती मी मेजावर ठेवली. माझ्या कागदाला बाईंनी हात घातला तेव्हा मी म्हणालो की माझं अक्षर वाऱ्याने बिघडलंय, मीच सांगतो तोंडी. बाई म्हणाल्या, अक्षर चांगलं आहे की, आणि वाचायला लागल्या. पांढराशुभ्र. चोच लाल. काळ्या रेघा. साहेब डोळे मिटून, एकेका शब्दाला मान डोलावत ऐकत होते. फितीच्या वाक्यापाशी बाई अडखळल्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तरी ते वाक्य पूर्ण वाचलं, कारण वाचणाऱ्याने काही गाळायचं नाही, हाही नियमच होता.

साहेबांची मान डोलायची थांबली. मग त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, “पिसां कितकी होती?”

त्यांनी मला एक वाट काढून दिली होती, हे आज कळतं. मी म्हणू शकलो असतो की चुकलो साहेब, मला काही दिसलं नाही. पण वही समोर उघडी होती.

“दोन,” मी म्हणालो. “माझ्या बाजूने उजेड वेगळा होता, त्यामुळे कदाचित...”

“दोन,” साहेब म्हणाले.

त्यांनी खिशातून पेन काढलं, बाईंकडून पट्टी मागून घेतली आणि शाईने लिहिलेल्या त्या ओळीवर पट्टी ठेवून एक सरळ रेघ मारली. पुढच्या रकान्यात लिहिलं, पंच नाही. शाई वाळेपर्यंत थांबले, वही मिटली आणि बाईंच्या मांडीवर ठेवली. बाई म्हणाल्या, साहेब, अहो असं नका करू. साहेब म्हणाले, ज्याला दिसलं नाही ते दिसलं नाही म्हणून लिहिता येतं, त्याच्याकडे वही असावी. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “शिरो खावा. थंड होतलो.” आम्ही तिघांनी तो शिरा संपवला. त्या शिऱ्याइतकं गोड आणि इतकं गिळायला अवघड मी पुन्हा काही खाल्लेलं नाही.

दोन दिवस मी रागात होतो. रागावण्यासारखं माझ्याकडे बरंच होतं. एका म्हाताऱ्याला मी आनंद द्यायला गेलो आणि वर मलाच शिक्षा. आमच्या दोघांच्या कागदात फरक तो काय? पक्षी त्यांनीही मनातच पाहिला आणि मीही. त्यांनी आपल्या मनातल्या पक्ष्याची शेपटी तोडली, मी माझ्या पक्ष्याला चांगली लांब लावली. मनातल्या पक्ष्याला शेपटी किती असावी, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. त्यावरून माणसाला वहीवरून उठवणं म्हणजे कस्टमचाच जुलूम. बायकोला मी हे तीन वेळा समजावून सांगितलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, पण तुम्ही पाहिलं नव्हतं ना? मी तिला म्हटलं, तुला पक्ष्यांतलं काही कळत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून बसलो आणि वर्तमानपत्र उलगडलं. जिल्ह्याच्या पानावर, खाली कोपऱ्यात फोटो होता. उत्तरेला आठ मैलांवरच्या एका वाडीत किनाऱ्यावर थकून पडलेला पक्षी सापडला होता. ग्रामपंचायतीचे एक सदस्य मासळीच्या क्रेटमध्ये त्याला घेऊन उभे होते, स्वतःच कमावल्यासारखे. खाली ओळ होती, ‘परदेशी बदकाचे आगमन’. बदक पांढरं होतं. पाठीवर रेघा होत्या. उजव्या पंखात एक पीस कमी होतं. आणि शेपटीच्या जागी बोडकी बुडखी, लांब पिसाचा पत्ता नाही.

गिऱ्हाईक समोर उभं होतं. मी त्याला म्हटलं, नंतर या.

पन्नास फूट. हे मी तिथे दुकानात बसून मोजलं, तक्त्याकडे बघत. चौथ्या ओळीपर्यंत वाचणाऱ्या माणसाला पन्नास फुटांवरून जाणारा, कावळ्याहून मोठा पांढरा पक्षी दिसतो. न दिसायला माणूस चष्मेवाला असावा लागतो. दीड मिनिट तो पक्षी आमच्यासमोरून गेला. मला दुर्बिणीचीसुद्धा गरज नव्हती, नुसती मान वळवायची होती. मी ती वळवली असती, तर बोडकी शेपूट मलाही दिसली असती, दोन कागद जुळले असते, आणि साहेबांचा पक्षी छत्तीस वर्षांनी वहीत गेला असता. तिथे त्यांना एका खऱ्या माणसाची गरज होती आणि देवाने नेमका मला दगडावर बसवला होता.

वर्तमानपत्र घेऊन मी साहेबांकडे गेलो. ते पडवीत पुस्तकं बांधत होते, ठाण्याला न्यायची. मी फोटो पुढे केला. त्यांनी तो भिंगाखाली धरून पुष्कळ वेळ पाहिला, पिसांची जागा, पंख, चोच. मग विचारलं, जगला का? मी म्हणालो, बातमीत तसं काही नाही. त्यांनी कागद खाली ठेवला. मी एका दमात सगळं बोलून टाकलं. आता तर फोटोच आहे, आता कोण शंका घेणार, बाईंकडून वही आणतो, ती रेघ मारलेली ओळ पुन्हा लिहा, मी खाली लिहून देतो की माझा कागद खोटा होता.

“फोटो त्यांचो,” साहेब म्हणाले. “त्यांच्या गावच्या वहीत घालूंदेत. टेंबार दोन पंच नव्हते.”

“पण साहेब, तुम्ही पाहिलात. तुम्ही बरोबर होता.”

“ता माका म्हायत आसा,” ते म्हणाले.

ते पुन्हा सुतळी घेऊन पुस्तकांकडे वळले. मी तिथेच उभा. गाठ मारताना त्यांना ती नीट दिसत नव्हती, म्हणून मी बोट ठेवलं, त्यांनी माझ्या बोटावरून गाठ आवळली. मग रागाने नाही, पंचनाम्यात एखादा रकाना भरायचा राहिला असेल तसं त्यांनी विचारलं.

“मी हात करून दाखवी होतंय, तेव्हा तू खंय बघी हुतंस?”

त्या तीन दिवसांत मी पहिल्यांदाच खरं बोललो. “तुमच्याकडे,” मी म्हणालो. “तुमच्या डोळ्याकडे.”

साहेबांनी यावर जरा विचार केला. त्यांना ते पटलं नसावं, किंवा त्यात बघण्यासारखं काय होतं ते कळलं नसावं.

“माका रोज बघतंस रे,” ते म्हणाले. “तो एकदाच इल्लो.”

मी पुढच्या गठ्ठ्याच्या गाठीवर बोट ठेवलं.